लांब पाय, भरदार पोटऱ्या आणि घोडेस्वारीचे बूट



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील चार-पाच घरांतली मुले-मुली घोडेस्वारी शिकू लागली आहेत. कोणी इंदूरला रविवारचे धडे घेतात, कोणी भोपाळजवळ बिशनखेडीला राज्य शासनाच्या अश्वारोहण अकादमीत निवड व्हावी म्हणून तयारी करतात. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. या खेळात ते तब्बल ४१ वर्षांनी मिळाले, आणि त्या चौघांत आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून पालकांची चौकशी वाढली. घोडा, फी, हेल्मेट याबद्दल शिकवणारे सांगतात. बुटांबद्दल मात्र "दुकानात मिळतील" एवढेच सांगितले जाते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

अडचण अशी की, उंच मुलाला तयार लांब बूट आखूड पडतात आणि भरदार पोटरीच्या मुलीच्या बुटाची चेन अर्ध्यावर अडते. आमच्या घरातल्या एका मुलीला दुकानात सर्वांसमोर "पाय फार जाड आहेत" असे ऐकावे लागले. त्यानंतर तिने तीन आठवडे सरावाला जायचे टाळले. दोष पायाचा नव्हता, मापाचा होता. म्हणून हा विषय नीट मांडावा असे आम्हाला वाटले.

तयार बूट का बसत नाहीत

साध्या बुटाला पावलाची लांबी पुरते. गुडघ्यापर्यंतच्या बुटाला चार मापे लागतात: पावलाची लांबी, घोट्याचा घेर, पोटरीचा घेर आणि टाचेपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतची उंची. कारखानदार पावलाचा एक नंबर धरतो आणि बाकीची तीन मापे सरासरी पायावरून ठरवून टाकतो. म्हणजे सात नंबरचे पाऊल असलेल्या सर्वांची पोटरी सारखीच असते, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तसे नसते. जो सायकल चालवतो, कबड्डी खेळतो किंवा अंगानेच दणकट आहे, त्याची पोटरी भरलेली असते. घोड्यावर तीच पोटरी कामाला येते, कारण घोड्याला पुढे जाण्याचा इशारा पोटरीच्या दाबानेच दिला जातो.

बूट हवेतच कशाला?

आपले पूर्वज घोड्यावरूनच माळव्यात आले. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने जी लढाई जिंकली, ती आपल्या धार जिल्ह्याच्याच भूमीवर. त्या स्वाऱ्यांनी धारला पवारांचे राज्य उभे राहिले आणि देवासला तुकोजी व जिवाजी या भावांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये झाली. त्यामुळे "आपल्या शिलेदारांना कुठे गुडघ्यापर्यंतचे बूट होते?" असा प्रश्न घरातले वडीलधारे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण आजची बैठक आणि आजचे खोगीर वेगळे आहे. इंग्रजी पद्धतीच्या खोगिराला रिकिबीचा चामडी पट्टा पोटरीच्या आतल्या बाजूने लोंबतो. उघड्या पायाला किंवा पातळ विजारीला तो चिमटे काढतो, कातडी सोलतो. बुटाची उंच नळी त्यापासून वाचवते.

दुसरे कारण जिवाशी संबंधित आहे. स्वार पडला आणि पाऊल रिकिबीत अडकले, तर घोडा त्याला फरफटत नेतो. ते टाळण्यासाठी बुटाला सुमारे अडीच सेंटिमीटरची स्पष्ट टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून पुढे घुसत नाही. तळ बराचसा गुळगुळीत हवा, म्हणजे वेळेला पाऊल चटकन सुटते. आणि रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा एकूण दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवी. रुंद पावलाच्या मुलांनी हे माप विसरू नये. शिकवणी वर्गातली रिकीब लहान असेल तर तसे सांगून मोठी मागावी. धावण्याचे बूट, सँडल किंवा शेतात वापरायचे खोल नक्षीचे गमबूट घालून घोड्यावर कधीही बसू नये.

लक्षात घ्या, सुरक्षिततेचे सगळे काम टाच, तळ आणि घोटा झाकणारा भाग करतो. गुडघ्यापर्यंतची नळी पायाचा बचाव करते आणि रुबाब देते. हा फरक कळला की निम्मा खर्च वाचतो.

पहिला आणि स्वस्त उपाय: आखूड बूट व हाफ-चॅप

घोट्याच्या थोडे वर येणारे आखूड बूट घ्यावेत. त्यांना जोधपुरी बूट म्हणतात. नाव आपल्याच देशातले आहे. १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाला जोधपूरचे सर प्रतापसिंह लंडनला गेले, तेव्हा त्यांची पोटरीला घट्ट बसणारी विजार तिकडे लोकप्रिय झाली. आखूड बूट त्याच विजारीचे जोडीदार.

या बुटांवर पोटरीला गुंडाळायचे वेगळे चामडी किंवा कापडी आवरण मिळते, त्याला हाफ-चॅप म्हणतात. मागे किंवा बाहेरच्या बाजूला चेन, तिच्या शेजारी ताणली जाणारी इलॅस्टिकची पट्टी आणि पावलाखालून जाणारा पट्टा, अशी त्याची रचना असते. यात बुटाचा नंबर पावलावरून आणि हाफ-चॅपचा नंबर पोटरीचा घेर व उंची यांवरून स्वतंत्रपणे निवडता येतो. लांब पाय आणि भरदार पोटरी या दोन्ही अडचणी इथेच सुटतात. इंदूरच्या डिकॅथलॉनसारख्या मोठ्या दुकानात ही जोडी बघता येते. माप नसले तर मागवून घेता येते.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. समजा, आखूड बूट २,४०० रुपयांना आणि हाफ-चॅप १,६०० ला मिळाले. लांब बूट ८,००० ला. (आकडे केवळ हिशेबासाठी आहेत.) वाढत्या वयाच्या मुलाचे पाऊल वर्षभरात वाढले, तर पहिल्या पर्यायात फक्त बूट बदलावे लागतात. हाफ-चॅप ताणले जातात, त्यामुळे ते बहुधा टिकून राहतात. दोन वर्षांचा खर्च ६,४००. लांब बूट मात्र पूर्ण बदलावे लागतात, म्हणजे १६,०००. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के. तेव्हा वाढ थांबेपर्यंत लांब बूट घेऊ नयेत, हे आमचे स्पष्ट मत आहे.

स्पर्धेत उतरायचे असेल, तर आयोजकांना आधी विचारावे. बुटाच्याच रंगाचे, गुळगुळीत चामड्याचे हाफ-चॅप अनेक ठिकाणी चालतात.

माप कसे घ्यावे

घरातली शिवणकामाची फीत पुरेशी आहे. स्वारीची विजार आणि मोजे घालूनच माप घ्यावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात.

१. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवावा, तळवा जमिनीवर सपाट. जमिनीपासून मागे गुडघ्याच्या लवणीपर्यंत उंची मोजावी.

२. पोटरीच्या सर्वांत भरदार जागी घेर घ्यावा. फीत आवळू नये, सैलही सोडू नये.

३. घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर घ्यावा.

४. कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढावी, लांबी आणि रुंदी मोजावी.

चारही मापे दोन्ही पायांची घ्यावीत. डाव्या-उजव्या पायात थोडा फरक असणे अगदी सामान्य आहे. बूट मोठ्या मापाचा धरावा.

चामड्याचे नवे लांब बूट वापरात घोट्याशी घड्या पडून एक ते दोन सेंटिमीटर खाली बसतात. म्हणून नवा बूट गुडघ्याच्या लवणीला किंचित टोचला तर घाबरू नये. उलट पहिल्याच दिवशी आखूड वाटणारा बूट घेऊच नये. पोटरीच्या मध्यावर संपणारी नळी पाय कापते, आणि तिची वरची कड खोगिराच्या पाखाखाली अडकते.

मोच्याकडून काय होऊ शकते

घरात जुने लांब बूट असतील आणि घेर कमी पडत असेल, तर फेकू नका. घेर एखादा सेंटिमीटर कमी असेल, तर कारागीर साच्यावर चामडे ताणून देतो. दोन-चार सेंटिमीटर कमी असेल, तर मागची शिवण उसवून वरून खाली रुंद इलॅस्टिकची किंवा चामड्याची पाचर बसवता येते. कमी पडणाऱ्या मापात हालचालीसाठी एखादा सेंटिमीटर मिळवून पाचर कापावी. त्याला एक गोष्ट बजावून सांगा: पाचर मागे किंवा बाहेरच्या बाजूला हवी, आतल्या बाजूला कधीच नको. आतली बाजू खोगिराला आणि घोड्याच्या अंगाला घासते. तिथली जाड शिवण पायालाही बोचते आणि घोड्यालाही.

उंची कमी असेल, तर वर चामड्याचा पट्टा जोडता येतो, पण तो सहसा शोभत नाही आणि वाकतो. उंचीसाठी नवे बूट करून घेणेच बरे.

मापाचे बूट शिवून घेणे

वाढ पूर्ण झालेल्या, नियमित स्वारी करणाऱ्या मुलांसाठी हा मार्ग विचारात घ्यावा. कानपूरला इंग्रजांच्या काळापासून लष्करासाठी खोगीर आणि चामडी साज बनत आला. तिथल्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिथून परदेशी साज जातो आणि काही कारागीर मापाचे बूटही करून देतात. आपल्या देवासलाही चामडे कमावण्याच्या उद्योगाची जुनी ओळख आहे, त्यामुळे चामड्याची पारख असणारी माणसे आपल्या गावात सापडतात. खरेदीपूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिकडे जाणाऱ्यांनी साजाची दुकानेही बघावीत.

मागणी नोंदवताना मापे लेखी द्यावीत आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी. चेन मागे हवी, तिच्या शेजारी इलॅस्टिक हवे, घोट्यापुढे नाडी हवी की नको, हेही लिहावे. ज्यांचा पायाचा वरचा भाग उंच आहे, त्यांना नाडीचा बूट सोयीचा पडतो. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नये, आणि माप चुकल्यास दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, हे आधीच ठरवावे.

रबराचे लांब बूट स्वस्त असतात आणि पावसात टिकतात. पण माळव्याच्या उन्हाळ्यात पाय उकडून निघतो, आणि रबराचा घेर कोणत्याही मोच्याला वाढवता येत नाही. भरदार पोटरीला ते जवळजवळ निरुपयोगी.

निगा

स्वारीनंतर ओल्या फडक्याने घाम आणि धूळ पुसावी. भिजलेले बूट उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवू नयेत. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवावेत. पावसाळ्यात दर आठवड्याला हवा द्यावी, नाहीतर बुरशी धरते. नळी वाकू नये म्हणून आत रिकामी पाण्याची बाटली उभी करावी. एवढे केले तर एक जोड दोन मुलांना पुरतो.

एक सूचना

यावरूनच सुचते की, समाजाच्या कार्यालयात एक कपाट बुटांसाठी ठेवावे. ज्यांच्या मुलांना जोड लहान झाला, त्यांनी तो स्वच्छ करून, चारही मापांची चिठ्ठी बांधून जमा करावा. ज्यांना हवा, त्यांनी वहीत नोंद करून न्यावा. खतावणी आम्ही आनंदाने लिहू. मात्र या कपाटात हेल्मेट ठेवू नये. एकदा आदळलेल्या हेल्मेटचे आतले नुकसान बाहेरून दिसत नाही. बुटांत वाचलेला पैसा नव्या, डोक्याला नेमक्या बसणाऱ्या हेल्मेटवर खर्च करावा.

आणि शेवटी पालकांना एक विनंती. मुलीची पोटरी चेनमध्ये मावली नाही, तर तिला वजन कमी करायला सांगू नका, फीत आणा. घोड्याला तिच्या पोटरीचा घेर कळत नाही, फक्त तिचा इशारा कळतो.