सोलापूरला हलवण्याआधी

धाराशिव जिल्ह्यात छातीत दुखायला लागलेल्या माणसाची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येते : "सोलापूरला हलवा." कळंबकडचा पेशंट असेल तर लातूरला, परंड्याचा असेल तर बार्शीला. गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. अँजिओप्लास्टी आणि बायपास मोठ्या गावातच होतात, हे खरं. पण त्यामुळे हृदयाचा उपचारच मुळी तिथे सुरू होतो, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. मला हा समज जिवावरचा वाटतो. आपल्याकडच्या हृदयरोग्याचं बरंवाईट पुष्कळदा गाडी तामलवाडी ओलांडायच्या आतच ठरून गेलेलं असतं.

हृदय मुठीएवढं, वजनाला तीनशे ग्रॅमच्या आसपास. दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं आणि माणूस स्वस्थ बसलेला असतानाही मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं. त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मात्र बारीक रोहिण्यांतून. या रोहिणीच्या आत साचलेला चरबीचा थर फुटला, त्यावर रक्ताची गुठळी धरली आणि वाट बंद झाली, की पुढचा स्नायू अर्ध्या तासाच्या आतबाहेर मरायला लागतो. काही तासांत गेलेला भाग परत येत नाही.

आणि हे तास आपल्याकडे जातात कसे, ते बघा. दुखणं बरेचदा पहाटे सुरू होतं. घरात म्हणतात, पित्त झालं असेल. लिंबू-सोडा देतात, पाठीला बाम चोळतात. सदरा भिजेल एवढा घाम आला तरी "रात्रीचं जेवण बाधलं" म्हणतात. उजाडल्यावर गावातल्या डॉक्टरकडून ॲसिडिटीचं इंजेक्शन होतं, मग कुणाची जीप मिळते का याची शोधाशोध. बायकांचं आणि साखर असणाऱ्यांचं तर आणखी अवघड. त्यांच्या छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, जबडा नाहीतर खांदा भरून येतो. बाई चुलीपुढं बसून घामाघूम होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

खरं तर या वेळी करायच्या गोष्टी साध्या आहेत. ईसीजीची पट्टी पहिल्या दहा मिनिटांत निघावी. डॉक्टरांनी सांगितलेली ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्यावी. अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांत हाताशी येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्याच रुग्णालयात द्यावं आणि मग पेशंट पुढे पाठवावा. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-2' या सतरा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांचे मृत्यू जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले होते. दोन्ही औषधं जुनी, दोन्ही ग्रामीण रुग्णालयात देता येण्याजोगी. 2014 पासून राज्यात 108 च्या 937 रुग्णवाहिका आल्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक सोयींच्या. वाटेत ठोका बिघडला तर शॉक देण्याचं यंत्र त्यांत असतं, जीपमध्ये नसतं. खर्चाची धास्तीही थोडी उतरली आहे. जीवनदायी योजना 2013 च्या नोव्हेंबरात राज्यभर झाली, तर 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. उरला आहे तो सुरुवातीचा उशीर.

छोट्या दवाखान्यातही हृदय थकलेल्यांचे जीव वाचतात याचा मोठा पुरावा आपल्या मराठवाड्याच्याच माणसाने दिला. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं तिथे मरत होती, आणि मरत होती ती हृदय थकून. या विषाने मज्जातंतू एकदम चेकाळतात, अंगात ॲड्रेनलिनचा लोंढा सुटतो, सगळ्या रोहिण्या आवळल्या जातात. कपाळाला घाम, हातपाय गार, उलट्या. आवळलेल्या रोहिण्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय हरतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. बावस्करांनी रात्र रात्र खाटेशेजारी बसून हे टिपलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची गोळी वापरून पाहिली. रोहिण्या सैल झाल्या, हृदयावरचा भार उतरला. शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. आपल्या माळरानावर दगड उचलला की विंचू निघतो. या गोळीचं मोल इथे वेगळं सांगायला नको. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी महाराष्ट्रातल्या हृदयविज्ञानाचं हे सगळ्यात उजळ पान आहे.

त्याआधी मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवर पडताळून 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं. आता सर्पगंधेपेक्षा चांगल्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आपण त्या सोडून देतो, एवढंच. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी गेलं, असं समजून. नवरात्राच्या उपासात गोळी बंद, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी निघताना पिशवी घरीच. ठेचा, पापड, लोणच्यातलं मीठ कुणी मोजत नाही; जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यात तंबाखू आणि मिश्री. 'इंटरहार्ट' या 52 देशांतल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना जवळपास 59 व्या वर्षी. शेतकऱ्याच्या घरात ही सहा वर्षं म्हणजे मुलीचं लग्न आणि कर्जाचे हप्ते.

मनाचा धसका हृदयावर किती बसतो, हे या जिल्ह्याला वेगळं शिकवावं लागू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीबरोबर आपलं सास्तूरही कोसळलं. ढिगाऱ्याखालचे मृत्यू मोजले गेले. नंतर धसक्याने गेलेले कसे मोजणार? तीनेक महिन्यांनी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला भूकंप झाला. तिथे त्या एका दिवशी हृदय थांबून आलेले अचानक मृत्यू रोजच्या चार-पाचांवरून चोवीसवर गेल्याची नोंद आहे.

आपल्याकडे उमेदही आहे. अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने थोड्या शिकलेल्या खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा धोका तपासण्याचं काम आता आशाताईंकडे आहे. 2022 मध्ये धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 100 जागांची परवानगी मिळाली. माझी मागणी एवढीच की या विद्यार्थ्यांनी वाशी, भूम, लोहाऱ्याच्या रुग्णालयांत ईसीजी वाचायला शिकावं आणि गुठळीचं इंजेक्शन तिथे बाराही महिने असावं.

आणखी एक काम दरवर्षी दिवाळीच्या सुमाराचं आहे. दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांचे कोयते साखर कारखान्यांकडे निघतात. बीपीच्या गोळ्या बहुधा महिन्याच्या हिशोबाने मिळतात, हंगाम संपून पट्टा पडायला मात्र वसंत उजाडतो. मुकादम उचल देतो तेव्हा गोळ्यांचं विचारत नाही. म्हणून गाड्या सुटण्याआधी उपकेंद्राने प्रत्येक ऊसतोड कुटुंबाचं बीपी मोजावं, तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात आणि कार्डावर आकडा असा ठळक लिहावा, की कारखान्याजवळच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागणार नाही.