दोन युरोंची ताटली

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलाकडे फ्रान्सला होतो. ल्योन शहरापासून तासाभरावर एका खेड्यात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. याला तिकडे 'व्हीद-ग्रेनिए' म्हणतात. म्हणजे माळा रिकामा करणे. गावकरी घरातले जुनेपाने सामान काढून रस्त्यावर मांडून बसतात. जो व्यापारी नाही त्याला वर्षातून दोनदाच असे बसता येते, तेही स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेऊन. तसे सहीनिशी लिहून द्यावे लागते.

वाचकहो, जुनी वस्तू म्हटली की आपल्या पोटात काय कालवते ते सांगायला नको. गावगाड्यात आपल्या वाट्याला मढ्यावरचे कापड आले, अंगावरून उतरलेले कपडे आले, शिळे तुकडे आले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे तुकडे सोडा म्हणून बजावले, ते उगाच नव्हे. आमच्या आईने त्यानंतर कुणी दिलेली साडी जन्मात नेसली नाही.

आमच्या सहचारिणीने निळ्या नक्षीची एक ताटली उचलली आणि लगेच खाली ठेवली. "कुणीतरी जेवलं असेल हो यात." शेजारी गावचा डॉक्टर आपल्या मुलांचे बूट विकत होता आणि एका गवंड्याची बायको त्याच्याशी घासाघीस करत होती. ना कुणी दान देत होते, ना कुणी उपकार घेत होते. सहचारिणीने ते बराच वेळ पाहिले आणि दोन युरो मोजून ताटली घेतली. बाबासाहेबांनीही न्यूयॉर्कला शिकताना पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून सुमारे २००० पुस्तके घेतली होती. पदरात टाकलेले वेगळे, दाम मोजून घेतलेले वेगळे.

पण नुसते कौतुक केले तर ती लबाडी होईल. मोठ्या जुन्या बाजाराला तिकडे 'पिसवांचा बाजार' म्हणतात. पॅरिसच्या वेशीबाहेरचा सेंतूआँचा बाजार उभा केला तो कचरा वेचणाऱ्यांनी. रात्री शहराचा उकिरडा चिवडून चिंध्या, हाडे, लोखंड विकणारी ही माणसे. १८८३ साली पुबेल नावाच्या प्रशासकाने घरोघरी कचऱ्याचे डबे सक्तीचे केले आणि त्यांच्या पोटावर पाय आला. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल'च म्हणतात. साहेबाचे नाव राहिले. वेचणाऱ्यांचे कुणाला ठाऊक?

बारा वाजले तसा बाजार ओसरला. चौकात लांब बाके मांडली होती. आधी कोशिंबीर, मग मांस-बटाटे, मग चीज, शेवटी गोड. दोन तास कुणी उठले नाही. पाण्याचा जग सर्वांत एकच. शेजारच्या अनोळखी शेतकऱ्याने पाव मोडून अर्धा आमच्यापुढे ठेवला. (आडनाव विचारले नाही!)

ही सवडही आकाशातून पडलेली नाही. १९३६ साली फ्रान्सभर कामगारांनी कारखाने अडवून धरले, तेव्हा दोन आठवड्यांची पगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा मिळाला. आज ती रजा पाच आठवड्यांची आहे. आपल्याकडे मजूरमंत्री असताना, १९४२ ते १९४६ च्या काळात, पगारी सुट्टीचे विधेयक बाबासाहेबांनीच मांडले. आमचा पुतण्या मात्र कंत्राटदाराकडे सफाईच्या कामावर आहे. खाडा झाला की मजुरी गेली. डबा खातो तो कचऱ्याच्या गाडीच्या आडोशाला, दहा मिनिटांत.

ताटली आता आमच्या घरी आहे. तो आला की सहचारिणी त्याला तीतच वाढते. रविवार असला तरी तो भराभर जेवतो आणि हात धुवायला उठतो. "अरे, बस की जरा," ती म्हणते.