बडोद्यात रुजलेले तंजावर

राज्य गेले की दरबारातील कलावंत आश्रयहीन होतो. त्याची वाद्ये आणि गाणी सोबत राहतात. नाहीसा होतो तो ती ऐकणारा समाज. परक्या मुलुखात ही गाणी कशी टिकतात, याचे बोलके उदाहरण बडोद्यात सापडते.

तंजावरच्या मराठी राजांनी कर्नाटक संगीत आणि दासीआट्टम या नृत्यप्रकाराला उदार आश्रय दिला होता. दुसऱ्या सरफोजीराजांच्या पदरी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी नृत्याच्या कार्यक्रमाला शिस्तबद्ध क्रम दिला. खुद्द सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. मात्र १८५५ मध्ये राजा शिवाजी यांचे पुत्रहीन निधन झाले आणि इंग्रजांनी गादी खालसा केली. पिढ्यान्‌पिढ्या दरबारावर पोसलेली घराणी निराधार झाली.

राणीसोबत आलेला ताफा

१८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते यांचा विवाह बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी झाला आणि त्या चिमणाबाई राणीसाहेब झाल्या. त्यांच्यासोबत नर्तकी, नट्टुवनार आणि साथीदार यांचा ताफा बडोद्यास आला. नट्टुवनार म्हणजे झांजेवर ताल धरून बोल म्हणणारा आणि नृत्य बसवणारा गुरू. ही मंडळी आजच्या अर्थाने निर्वासित नव्हती, तरी घर, भाषा आणि श्रोते त्यांना मागे सोडावे लागले.

अवघ्या पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, चिमणाबाईंचे निधन झाले. रावपुऱ्यातील घड्याळाचा मनोरा आजही त्यांच्या स्मृतीची साक्ष देतो. ज्यांच्यामुळे ही कला बडोद्यास आली, त्याच राहिल्या नाहीत. तरी ताफा विखुरला नाही. बडोदे संस्थानात कलावंतांची व्यवस्था पाहणारे ‘कलावंत कारखाना’ हे स्वतंत्र खाते होते. नियमित वेतन आणि ठरलेली दरबारी सादरीकरणे यांमुळे तेलुगू-तमिळ पदे, वर्णम् आणि तिल्लाना मराठी-गुजराती श्रोत्यांपुढे गायिली जात राहिली. शब्द न कळणाऱ्यांपर्यंत अर्थ पोहोचे तो अभिनयातून.

घरातून वर्गाकडे

दरबारी आश्रयाला मर्यादा होतीच. संस्थान विलीन झाल्यावर दरबार संपला आणि तंजावरचा प्रसंग पुन्हा ओढवण्याची चिन्हे दिसू लागली. या वेळी मात्र दुसरा आधार होता. मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेची परंपरा महाराजा सयाजीराव विद्यापीठात पोहोचली होती. ताफ्यातील प्रसिद्ध नर्तकी कांतिमती यांचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर यांनी तेथे भरतनाट्यम् शिकवले. घरातील विद्या वर्गात आली आणि घराण्याबाहेरील मुलींनाही मिळू लागली.

‘तंजोरकर’ हे आडनावही बोलके आहे. तमिळ मुलुखातील घराण्याने गुजरातेत, मराठी वळणाने, सोडलेल्या गावाचे नाव धारण केले.

गोमंतकीयांना ही कथा परकी वाटू नये. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांनीही गाव सोडून मुंबईत कीर्ती मिळवली आणि गावाचे नाव आडनावातून सर्वदूर नेले. दोन्हीकडे कलावंत स्त्रियांनी समाजाची अवहेलना सोसत विद्या जपली. पुढे त्या विद्येला प्रतिष्ठा लाभली, परंतु ती जपणाऱ्या बहुतेकींची नावे विस्मृतीत गेली.

बडोद्याचा अनुभव एवढेच सांगतो, की गाणी केवळ आठवणीवर तगत नाहीत. त्यांना गाणारा गळा हवा, ऐकणारा कान हवा, गाणाऱ्याच्या चुलीची सोय हवी आणि शिकणारी पुढची पिढी हवी. यांतला एक दुवा तुटला, तर हस्तलिखितातील शब्द उरतात. गाणे उरत नाही.