बकेटची पिन: जुनी मोजताना, नवी निवडताना

पोकलेनची बकेट आर्मच्या टोकाला दोन पिनांवर टांगलेली असते. पहिली पिन आर्मच्या टोकातून आणि बकेटच्या दोन्ही कानांतून आरपार जाते; बकेट तिच्याभोवती फिरते. दुसरी पिन लिंकची. बकेट सिलिंडरचा जोर लिंकमार्फत या दुसऱ्या पिनेवर येतो आणि बकेट आत ओढली जाते किंवा बाहेर उघडते. 20 टनी मशीनची बकेट दातांच्या टोकाशी साधारण 14 टनांचा जोर लावते. दातांपासून आर्मच्या पिनेपर्यंतचे अंतर दीड मीटर आणि दोन पिनांमधले अंतर 45 सेंटिमीटर धरले, तर तरफेच्या हिशेबाने लिंकच्या पिनेवर येणारा जोर 14 टनांच्या तिपटीहून जास्त भरतो. बकेटमधल्या मालाचे वजन आणि खडकात दात अडकल्यावर बसणारे हादरे वेगळेच. एवढा भार हातभर लांबीच्या दोन पोलादी दांड्यांतून जात असल्यामुळे त्या झिजतात आणि कधी ना कधी बदलाव्या लागतात.

झीज कुठे व्हावी हे मशीन घडवणाऱ्यांनी आधीच ठरवलेले असते. आर्मच्या टोकाच्या भोकात बुश दाबून बसवलेला असतो, लिंकमध्येही तसाच. पिन बकेटच्या कानाशी बोल्टने अडकवलेली असल्याने ती बकेटबरोबर फिरते आणि घासणे होते ते पिन आणि बुश यांच्यामध्ये. बुश स्वस्त आणि बदलण्याजोगा, म्हणून झीज त्याने सोसायची. कानातले भोक मात्र झिजायलाच नको. अडकवणारा बोल्ट तुटला आणि पिन कानात फिरू लागली, की ते भोक लंबगोल होऊ लागते. मग प्रश्न पिनेपुरता राहत नाही. बकेटच वर्कशॉपला न्यावी लागते.

पिनेत आलेला प्ले, म्हणजे सैलपणाचा खेळ, दातांपाशी मोठा होऊन दिसतो. लिंकच्या पिनेपाशी 2 मिमीचा खेळ असला, तर वरच्याच अंतरांच्या हिशेबाने दातांच्या टोकाशी तो 6 मिमीच्या पुढे जातो आणि त्यात आर्मच्या पिनेचा खेळ मिसळतो. मुरूम भरताना ऑपरेटरला हे फारसे जाणवत नाही. नालीचा तळ एका पातळीत काढायचा असला, की जाणवते.

नवी पिन घेताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जुनी पिन लेथवाल्याच्या हातात देऊन ‘अशीच बनवून दे’ म्हणणे. जुनी पिन झिजलेली असते. बुशमध्ये फिरणाऱ्या भागात ती बारीक झालेली असते, कानात बसणाऱ्या भागात मूळ मापाची असते आणि दोहोंच्या सांध्यावर बोटाला लागेल अशी पायरी पडलेली असते. त्यामुळे व्यास मोजायचा तो टोकाजवळ, जिथे पृष्ठभाग गुळगुळीत आणि मूळचा आहे तिथे. एका जागी मोजून झाल्यावर पिन पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे. दोन मापांत फरक आला, तर ती जागाही झिजलेली आहे. मग दुसरे टोक पाहावे. मधल्या भागाचे मापही टिपून ठेवावे. नव्या पिनेसाठी ते उपयोगाचे नाही, पण किती झीज झाली हे त्यावरूनच कळते.

मोजायला व्हर्नियर कॅलिपर लागतो, आणि तोही पुरेसा मोठा. वर्कशॉपमध्ये सर्रास असणाऱ्या 150 मिमीच्या व्हर्नियरचे जबडे साधारण 40 मिमी खोल असतात. म्हणजे 80 मिमीच्या पिनेच्या मध्यापर्यंत ते जेमतेम पोचतात. त्याहून जाड पिनेवर जबडे अलीकडेच टेकतात आणि माप चुकीचे येते. 90 किंवा 100 मिमीच्या पिनेला मोठा व्हर्नियरच हवा. साइटवर तो नसला तर कागदाची पट्टी चालते. पट्टी पिनेभोवती घट्ट गुंडाळायची, जिथे एकावर एक येते तिथे टोकदार पेन्सिलने खूण करायची, पट्टी उलगडून लांबी मोजायची आणि 3.1416 ने भागायचे. 80 मिमीच्या पिनेचा घेर 251.3 मिमी भरतो, तीन इंची पिनेचा 239.4. घेर मोजताना 1 मिमीची चूक झाली तरी व्यासात ती जेमतेम 0.3 मिमीची होते. मेटल टेप पिनेवर आडवी धरून घेतलेल्या मापापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची.

इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत हा या कामातला जुना रोग आहे. पावणेदोन इंच म्हणजे 44.45 मिमी. जेसीबीच्या 3सीएक्स बॅकहो लोडरला 45 मिमीची पिन लागते. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून पावणेदोन इंची पिन हातानेच सहज बसते आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवसापासून तिच्यात जास्तीचा खेळ असतो. अडीच इंच आणि 65 मिमी यांत दीड मिमीचे अंतर आहे, तीन इंच आणि 80 मिमी यांत जवळपास 4 मिमीचे. मोजून 79.6 किंवा 79.8 आले तर मूळ पिन 80 ची आहे असे धरावे, कारण नव्या पिनासुद्धा नाममात्र मापापेक्षा किंचित कमी व्यासाच्या बनवतात आणि बुश किंचित जास्त व्यासाचा ठेवतात. ग्रीसला जागा हवी म्हणून हे असते. मशीनच्या वजनावरून साधारण अंदाज बांधता येतो: 13-14 टनी मशीनला 65 मिमीच्या आसपास, 20 टनीला 80, 30 टनीला 90. हा अंदाज फक्त मापाची पडताळणी करण्यासाठी. एकाच वजनाच्या दोन कंपन्यांच्या मशीनची मापे वेगळी निघतात, आणि एकाच मशीनच्या आर्मच्या व लिंकच्या पिनाही नेहमी सारख्या नसतात.

व्यासात काटकसर का चालत नाही, याचे उत्तर गणितात आहे. पिन कातरली जाण्याला जो विरोध करते तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि वाकण्याला जो विरोध करते तो घनाच्या प्रमाणात. 80 ऐवजी 75 मिमीची पिन टाकली तर कातरण्याविरुद्धची ताकद 12 टक्क्यांनी घटते आणि वाकण्याविरुद्धची जवळपास 18 टक्क्यांनी. बारीक पिन आणि आतून स्लीव्ह घालून भागवण्याचा जुगाड अनेक ठिकाणी दिसतो. हे आकडे पाहिल्यावर तो तात्पुरता म्हणूनही पटत नाही.

व्यासानंतर लांबी. इथे एक माप पुरत नाही. पिनेची एकूण लांबी, डोके असल्यास डोक्याच्या आतल्या बाजूपासून टोकापर्यंतची लांबी, आणि अडकवणाऱ्या बोल्टचे भोक असल्यास टोकापासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, ही तिन्ही हवीत. बोल्टच्या भोकाचा व्यासही लिहावा. बाकी सगळे बरोबर असून हे भोक 5 मिमीने इकडेतिकडे झाले, तर पिन आत जाते पण बोल्ट जात नाही. पिन एकदा कठीण केलेली असल्यामुळे साइटवर साध्या ड्रिलने भोक वाढवणेही जमत नाही. पिनेबरोबर आर्मच्या टोकाची रुंदी आणि बकेटच्या दोन कानांमधली आतली रुंदी मोजून ठेवावी. कानांमधले अंतर आर्मच्या रुंदीपेक्षा थोडेच जास्त असते आणि उरलेली फट शिम घालून भरतात. फट तशीच सोडली तर बकेट आडवी हलत राहते आणि आर्मची तोंडे झिजू लागतात.

दुसरी बकेट किंवा रॉक ब्रेकर आणायचा असेल तेव्हा दोन पिनांच्या मध्यांमधले अंतर हे सर्वांत महत्त्वाचे माप. भोकाचा मध्य नजरेने ठरवता येत नाही, म्हणून मध्य ते मध्य मोजण्याच्या फंदात पडूच नये. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजले की दोन्ही भोके सारख्या व्यासाची असताना तेच अंतर मिळते. पिना जागेवर असतील, तर बाहेरून बाहेरपर्यंत मोजून त्यातून दोन्ही पिनांचे अर्धे-अर्धे व्यास वजा करावेत. हे अंतर चुकलेली बकेट दोन्ही पिनांवर बसते खरी, पण पूर्ण मिटत नाही किंवा पूर्ण उघडत नाही, आणि कधी लिंक बकेटच्या पाठीवर आपटते. महाराष्ट्रात विहिरी आणि शेततळ्यांच्या कामात मुरूम संपून काळा पाषाण लागला की बकेट काढून त्याच पिनांवर ब्रेकर चढवतात. पिनांची परीक्षा इथे होते. ब्रेकरचे सततचे ठोके त्यांना बकेटपेक्षा लवकर झिजवतात. मात्र त्या निमित्ताने पिना वारंवार बाहेर येत असल्याने त्यांच्यावर व्हर्नियर लावायची आयती संधीही मिळते.

माप ठरले की पोलाद. पिनेकडून दोन परस्परविरुद्ध गुण अपेक्षित असतात: बाहेरून इतकी कठीण की घासून झिजू नये आणि आतून इतकी चिवट की हादऱ्याने तुटू नये. म्हणून पृष्ठभागच कठीण करतात आणि गाभा तसाच ठेवतात. ईएन 8 किंवा ईएन 19 सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाची पिन असेल तर इंडक्शन हार्डनिंगने वरचे काही मिलिमीटर कठीण केले जातात. 20 एमएनसीआर5 सारख्या कमी कार्बनच्या पोलादात आधी पृष्ठभागात कार्बन मुरवावा लागतो. तिथला कठीण थर त्यामानाने पातळ असतो. साध्या माइल्ड स्टीलच्या बारमधून कातलेली पिन पहिल्या दिवशी अगदी तशीच दिसते, चकाकतेही जास्त, आणि थोड्याच दिवसांत वाकते. उलट आरपार कठीण केलेली पिन वाकत नाही, थेट तुटते. दुकानात उभ्या उभ्या तपासायचे असेल तर चांगली धारदार कानस पिनेच्या कडेला, कामात न येणाऱ्या जागी, हलकेच फिरवावी. कठीण पृष्ठभागावरून ती घसरते, मऊ पोलादाला चावते. गाभा कसा आहे हे मात्र कानस सांगत नाही. त्यासाठी कोणते पोलाद वापरले आणि किती खोल हार्डनिंग केले, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.

ग्रीसची वाट कुठून आहे हेही पाहावे. काही मशीनमध्ये निप्पल आर्मवर किंवा लिंकवर असतो आणि ग्रीस बुशच्या खाचेतून पसरते. काहींमध्ये ते पिनेच्याच टोकातून आत जाते आणि मधल्या आडव्या भोकातून बाहेर येते. दुसऱ्या प्रकारच्या मशीनमध्ये भोक नसलेली भरीव पिन बसवली तर ग्रीसगन कितीही दाबली तरी बुश कोरडाच राहील.

नवी पिन झिजलेल्या बुशमध्ये घालणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पिन आणि बुश यांच्यातला खेळ 1 मिमीच्या पुढे गेला असेल तर बुश बदलावा. नवा बुश भोकापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून तो प्रेसने दाबतात किंवा गार करून बसवतात. कोरड्या बर्फात, म्हणजे उणे 78 अंश सेल्सिअसला ठेवलेला 95 मिमी बाह्य व्यासाचा पोलादी बुश एक दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त आकसतो. बहुतेक वेळा तेवढे पुरते. घन मारून बसवलेला कठीण बुश तडकतो. बसल्यावर बुश आतूनही किंचित आवळला जातो, म्हणून त्याचे आतले माप बसवण्यापूर्वी नव्हे, बसवल्यानंतर घ्यावे. कानातले किंवा आर्मचे मूळ भोकच लंबगोल झाले असेल तर वेल्डिंगने भरून लाइन बोरिंग करणे हाच उपाय. बोरिंगचे मशीन साइटवर आणता येते, त्यामुळे आर्म उतरवावा लागत नाही.

पिन बसवताना बकेट जमिनीवर टेकवून ठेवावी. भोके जुळली का हे बोट घालून कधीही पाहू नये. बकेट केसभर सरकली तरी बोट जाते. कठीण पिनेवर घन थेट मारल्यास तिचे कपचे गोळीसारखे उडतात, म्हणून मध्ये पितळेचा तुकडा धरावा आणि डोळ्यांवर गॉगल असावा. रेती अडवणारी ओ-रिंग आधी कानावर सरकवून ठेवायची आणि पिन आत गेल्यावर कान आणि आर्म यांच्यातल्या फटीत बसवायची. नाहीतर ती चिरडते आणि बुशमध्ये रेती शिरायला वाट मिळते. अडकवणाऱ्या बोल्टला दोन नट असतील तर ते एकमेकांवर आवळायचे, बोल्ट ज्यातून जातो त्या कानावरच्या कॉलरवर नाही. बोल्ट थोडा सैल राहिला पाहिजे. त्याने पिन फक्त फिरू द्यायची नाही, भार घ्यायचा नाही. त्यानंतर जुने ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारावी, आणि पुढे रोज काम सुरू करण्यापूर्वी. पाण्यात किंवा चिखलात काम असेल तर दिवसातून आणखी एकदा. पहिल्या दिवसाचे काम संपल्यावर बोल्ट आणि शिम पुन्हा तपासावेत, आणि तोवर जुनी पिन भंगारात देऊ नये.