गळणे, पिणे आणि फेकणे : मोटारीच्या शीतनयंत्रणेचे गॅस्केट व त्याच्या दुरुस्तीची भाषा

१. विषयप्रवेश

औसा हे गाव तुळजापूरहून लातूर-नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला म्हणजे बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी असलेली मोटार हे ह्या भागातील नित्याचे दृश्य होय. अशा मोटारीचा चालक गॅरेजात येऊन मिस्त्रीपुढे जे पहिले वाक्य उच्चारतो, ते बहुधा पुढील तिहींपैकी एक असते : ‘पाणी गळतंय’, ‘गाडी पाणी पितीय’ किंवा ‘गाडी पाणी फेकतीय’. ऐकणाऱ्याला ही तिन्ही वाक्ये एकाच तक्रारीची निरनिराळी रूपे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तसे नाही. ह्या तीन क्रियापदांत तीन निरनिराळे दोष सांगितलेले असतात, आणि त्यांतील भेद व्याकरणाच्या अंगानेही स्पष्ट करता येतो. प्रस्तुत लेखात शीतनयंत्रणेतील गॅस्केट म्हणजे काय, ते का निकामी होते व ते कसे बदलावे ह्याचे विवेचन करावयाचे असून, त्या ओघात ह्या क्रियापदांचा निदानाच्या कामी कितपत उपयोग होतो हेही पाहावयाचे आहे.

२. गॅरेजच्या भाषेचे थर

मोटारदुरुस्तीच्या व्यवसायातील शब्दसंग्रह तपासला असता त्यात तीन थर ठळकपणे दिसतात. पहिला थर माणसांचा व श्रमाचा. ‘उस्ताद’, ‘शागीर्द’, ‘पुर्जा’, ‘दुरुस्ती’, ‘मरम्मत’ हे शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला आहे. १९४८ पर्यंत औसा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्याच संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वेखात्याच्या जोडीला सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. तेव्हा मोटार आणि उर्दू ह्यांची सांगड मराठवाड्यात आरंभापासूनच पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा थर भागांच्या नावांचा. तो जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी आहे. रेडिएटर, हेड, ब्लॉक, पंप, होज, थर्मोस्टॅट हे शब्द यंत्राबरोबरच आले व यंत्राबरोबरच राहिले. तिसरा थर दोषांचा व क्रियांचा, आणि येथे मात्र मराठीचे राज्य अबाधित आहे. गाडी तापते, धापते, अडखळते; बोल्ट फिरतो, आटे जातात; पाणी पाझरते, ठिबकते, ओघळते, उतू जाते. वस्तूचे नाव परक्याकडून घेता येते. ती वस्तू कशी बिघडली हे सांगताना मात्र माणूस आपल्या भाषेतील क्रियापदाकडेच वळतो.

३. गॅस्केट म्हणजे काय?

‘गॅस्केट’ हा शब्द मूळचा नाविकांचा. गुंडाळलेले शीड डोलकाठीच्या आडव्या वाशाला बांधून ठेवण्याच्या दोरीला इंग्रजीत हे नाव होते. पुढे वाफेची एंजिने आली, तेव्हा दट्ट्याच्या भोवतालची फट बुजविण्यासाठी अंबाडीसारख्या तागाच्या वेण्या चरबीत भिजवून भरीत असत. त्या वेण्यांना तेच नाव मिळाले. आपल्याकडे नळ जोडताना आट्यांवर सफेदा लावून सुतळी गुंडाळतात, त्यामागील तत्त्व हेच आहे.

तत्त्व असे की, धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घासूनपुसून एकमेकांवर बसविले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतातच. त्या फटींतून दाबाखालील पाणी वाट काढते. म्हणून दोहोंच्या मध्ये त्यांच्याहून मऊ, दाबले असता फटीत शिरणारा व उष्णतेत टिकणारा थर घालावा लागतो. तोच गॅस्केट. थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली तो कागदाचा किंवा रबराचा असतो, पाण्याच्या पंपामागे कागदाचा, रबराचा वा धातूवर रबर चढविलेला. हेड आणि ब्लॉक ह्यांच्यामधील गॅस्केट पूर्वी तांबे व अ‍ॅस्बेस्टॉस ह्यांचा असे, आज बहुधा पोलादाच्या अनेक पातळ पत्र्यांचा असतो. ह्या शेवटच्या गॅस्केटवर तिहेरी जबाबदारी असते : जळणाऱ्या वायूचा प्रचंड दाब, वंगणाचे तेल आणि थंड करणारे पाणी ह्या तिन्हींना एकमेकांपासून वेगळे ठेवणे.

गॅरेजात मात्र ह्या सर्वांना सरसकट ‘पॅकिंग’ म्हणतात. ‘पॅकिंग गेलं’ एवढ्या एका वाक्यात तासाभराचे काम आणि एंजिन उघडण्याचे अनेक दिवसांचे काम ही दोन्ही सामावतात. नावाने केलेला हा घोटाळा क्रियापद सोडविते.

४. तीन क्रियापदे, तीन दोष

‘पाणी गळते’ ह्या वाक्यात पाणी हा कर्ता असून क्रियापद अकर्मक आहे. ‘रेडिएटर गळतो’ असेही म्हणतात. तेथे कर्ता बदलला तरी अकर्मकत्व तसेच राहते. ह्या वाक्याने सांगितलेला दोष सामान्यतः बाहेरचा असतो : रबरी होज, रेडिएटर, थर्मोस्टॅटचे झाकण किंवा पंपाचा जोड. त्यातही सूक्ष्म भेद आहेत. जोडाच्या कडेने पाणी ‘पाझरते’ व वाळून पांढरा, हिरवा वा गुलाबी डाग मागे ठेवते, तेव्हा तेथील गॅस्केटचा संशय घ्यावा. पंपाच्या खालच्या अंगास असलेल्या बारीक छिद्रातून पाणी ‘ठिबकते’, तेव्हा मात्र दोष गॅस्केटचा नसून पंपाच्या दांड्यावरील सीलचा असतो. तेथे गॅस्केट बदलून काहीही साधत नाही. पंपच बदलावा लागतो.

‘गाडी पाणी पिते’ येथे गाडी कर्ता, पाणी कर्म व क्रियापद सकर्मक आहे. बाहेर थेंबही दिसत नाही, परंतु पातळी रोज उतरते. हेडचे गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरात वा तेलात जात असल्याचे हे लक्षण असू शकते. सिलिंडरात जात असेल तर एंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. तेलात जात असेल तर तेल दुधाळ होते. व्याकरणदृष्ट्याही ‘पिणे’ हे वेगळे पडते. सकर्मक असूनही भूतकाळी ते कर्तरि राहते : ‘गाडी पाणी प्यायली’, ‘गाडीने’ नव्हे. पिण्याचा परिणाम पिणाऱ्यावरच होतो, असे ह्या अपवादाचे समर्थन करता येईल. आणि एंजिनाच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. पाणी दाबले जात नसल्यामुळे सिलिंडरात ते साचले असता कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तेलात मिसळले असता बेअरिंगे झिजतात.

‘गाडी पाणी फेकते’ ह्याचा भूतकाळ ‘गाडीने पाणी फेकले’ असा नेहमीच्या सकर्मकाप्रमाणे होतो. येथे जळणाऱ्या वायूचा दाब फुटलेल्या गॅस्केटमधून पाण्याच्या मार्गात शिरतो व पाण्याला टाकीतून बाहेर ढकलतो. एंजिन थंड असता सुरू करताच रेडिएटरात बुडबुडे येणे, वरचा होज तत्काळ टणक होणे ही त्याची चिन्हे होत.

तेव्हा स्थूल नियम असा : क्रियापद अकर्मक असेल तर दोष बाहेर शोधावा, सकर्मक असेल तर आत. परंतु हा नियम वाट दाखविणारा आहे, निवाडा करणारा नव्हे. तापलेल्या ब्लॉकवर पडणारे चार थेंब जागीच वाफ होऊन जातात आणि गाडी पाणी ‘पिते’ असा भास होतो. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली झाली तरी गाडी पाणी ‘फेकते’. म्हणून थंड एंजिनाला हातपंपाने दाब देऊन गळतीची जागा प्रत्यक्ष पाहिल्यावाचून हेड उघडू देऊ नये.

५. गॅस्केट बदलण्याची रीत

थर्मोस्टॅटच्या झाकणाचे गॅस्केट हे उदाहरणादाखल घेऊ.

पहिली गोष्ट, एंजिन पूर्णपणे निवू द्यावे. औसा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे उघड्या भांड्यातील पाणी येथे सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. परंतु बंद शीतनयंत्रणेत वातावरणाहून सुमारे एक बार अधिक दाब असल्याने ते १२० अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. अशा पाण्यावरील झाकण उघडताच दाब नाहीसा होतो व पाणी क्षणात वाफ होऊन उसळते. तोंड व हात भाजण्याचे अपघात ह्यामुळेच होतात.

नंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी व पाणी स्वच्छ भांड्यात काढावे. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते गोड पण विषारी आहे. ते उघड्या गटारात ओतल्यास गुरे व कुत्री चाटतात आणि मरतात. म्हणून ते झाकूनच ठेवावे.

झाकणाचे बोल्ट काढताना कोणता कोठला हे लक्षात ठेवावे, कारण त्यांची लांबी पुष्कळदा वेगवेगळी असते. थर्मोस्टॅट कोणत्या दिशेने बसला होता तेही पाहून ठेवावे. सामान्यतः त्याची स्प्रिंगची बाजू एंजिनाकडे असते. उघड्या भोकात स्वच्छ फडके कोंबावे आणि जुन्या गॅस्केटचे अवशेष लाकडी वा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. पोलादी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा उठला तर तोच नव्या गळतीचा मार्ग होतो. जुन्या वाहनांच्या गॅस्केटात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ते कोरडे घासू नये. ओले करून काढावे, म्हणजे त्याची धूळ श्वासावाटे जात नाही.

नवे गॅस्केट बसविताना ‘थोडे शेलॅक जास्त लागले तर बरेच’ अशी समजूत आढळते, ती चुकीची आहे. अधिकचा लेप आतल्या बाजूस उतरतो, सुटतो व रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबवितो. निर्मात्याने लेप सांगितला असेल तेथेच व तेवढाच लावावा. बोल्ट प्रथम हाताने फिरवावे, मग समोरासमोरचे आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. एकच बाजू आधी घट्ट केली तर झाकण तिरपे बसते. ह्या ठिकाणच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टांना बहुधा सुमारे १० न्यूटन-मीटर इतकाच पीळ पुरतो. अधिक जोराने अ‍ॅल्युमिनियममधील आटे जातात.

हेडच्या गॅस्केटला हीच तत्त्वे लागू आहेत, परंतु तेथे सूट नाही. बोल्ट सोडविताना कडेकडून मध्याकडे व आवळताना मध्याकडून कडेकडे जावे. पिळाचे आकडे व क्रम निर्मात्याचाच पाळावा. पुष्कळ नव्या एंजिनांत हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. असे बोल्ट दुसऱ्यांदा वापरू नयेत. अ‍ॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. अतितापाने अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. सरळ पट्टी व फीलर गेज लावून तो बाक मोजल्याशिवाय नवे गॅस्केट घालणे म्हणजे पुन्हा तेच काम ओढवून घेणे होय. बाक मर्यादेबाहेर असेल तर हेडचे फेसिंग करून घ्यावे.

शेवटी नवे मिश्रण सावकाश भरावे व आतील हवा बाहेर काढावी. हवेचा फुगा अडकला तर पाणी पूर्ण भरलेले दिसूनही हेड तापते. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत एंजिन चालवावे, जोड निरखावा आणि दुसऱ्या दिवशी थंड असता पातळी पुन्हा पाहावी.

६. पाण्याचा प्रश्न

गॅस्केट फुटते ते बहुधा अतितापाने, आणि अतितापाचे एक कारण ह्या प्रदेशात स्वतः पाणीच आहे. येथील बोअरच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ आढळतात. चहाच्या भांड्यात बसणारा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. तो उष्णतेचे वहन रोखतो. त्याखेरीज साध्या पाण्याने धातू गंजतो व गॅस्केटची कड कुरतडली जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात रेडिएटरात मिळेल ते पाणी ओतले जावे ह्यात नवल नाही. परंतु ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट ह्यांचे समप्रमाण मिश्रण एकदा भरले व जोड निर्दोष असले, तर रोज पाणी ओतण्याची गरजच उरत नाही. रोज पाणी घालावे लागणे हा दोष होय, सवय नव्हे.

७. समारोप

‘गॅस्केट’ला संस्कृतातून प्रतिशब्द घडविणे अवघड नाही. तथापि त्यायोगे मिस्त्रीचे वा मालकाचे काम सुकर होईल असे वाटत नाही. ‘पॅकिंग’ ह्या एका नावाने जो घोटाळा केला, तोच नवे नावही करील. परिभाषा सिद्ध करणाऱ्यांनी भागांच्या नावांइतकेच लक्ष दोषांच्या क्रियापदांकडे पुरविले पाहिजे. ती घडवावी लागत नाहीत. गॅरेजात तयार आहेत, केवळ नोंदवावयाची आहेत. आणि मोटारमालकाने ‘पॅकिंग गेलं’ हे वाक्य ऐकताच दोन प्रश्न विचारावेत : कोणत्या जोडाचे? आणि पाणी गळते, की गाडी ते पिते किंवा फेकते? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत एंजिनाला पाना लावू देऊ नये.