स्लाइडवर खाडाखोड नसते

मुंगेरचा पाऊस, साल 1967. भिजून चिंब झालेल्या चार बायका एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. रघुबीर सिंग यांचं हे छायाचित्र मी कितीतरी वेळा पाहिलंय, आणि दर वेळी चेहऱ्यांच्या आधी नजरेत भरतो तो ओल्या कापडाचा रंग. तो असा का उतरला, हे समजायला आधी त्यांची फिल्म समजून घ्यावी लागते.

सिंग यांचा जन्म 1942 चा, जयपूरचा. छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचं जयपूरवरचं पुस्तक शाळकरी वयातच त्यांच्या हाती लागलं. पुढे कॉलेज अर्धवट सुटलं. चहाच्या व्यवसायात नोकरी मिळेल म्हणून कलकत्ता गाठलं, तीही मिळाली नाही. मग कॅमेराच पोटापाण्याचा झाला. 1966 मध्ये ब्रेसाँ जयपूरला आले, तेव्हा त्यांना काम करताना जवळून पाहता आलं. ब्रेसाँ कृष्णधवलचे. सिंग यांनी मात्र रंग धरला, आणि तोही कोडाक्रोमसारख्या स्लाइड फिल्मवर.

निगेटिव्हवरून प्रिंट काढताना थोडीफार सावरासावर करता येते. स्लाइडचं तसं नाही, कॅमेऱ्यात पडलं तेच अंतिम. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपनं चुकलं तरी दिसतं. 64 एएसएची फिल्म घेतली, तर भर उन्हात एफ 8 ला सेकंदाचा अडीचशेवा भाग, हे साधारण गणित. तीच फिल्म घेऊन अरुंद गल्लीच्या सावलीत शिरलात की एफ 2.8 आणि साठावा भाग. म्हणजे फोकसची खोली गेली, आणि धावणारं पोरही पुसट झालं. प्रकाश पुरेसा असेल तिथे उभं राहायचं आणि माणसं चौकटीत येईपर्यंत थांबायचं, हाच मग मार्ग उरतो.

स्लाइड चूक माफ करत नाही, हे मी स्वतः शिकलो ते नाशिकला गोदाघाटावर. मीटर धरला काळ्या दगडी पायऱ्यांवर. काळा दगड पाहून मीटरनं भरपूर प्रकाश मागितला, मी दिला. रोल धुऊन आला तेव्हा पायऱ्या सुरेख होत्या आणि त्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या टोप्यांच्या जागी नुसत्या कोऱ्या काचा. टोपीची एक चुणीसुद्धा उरली नव्हती. तेव्हापासून स्लाइडवर मी मीटर उजेडावर धरतो आणि सावली काळी पडली तर पडू देतो.

कोडाक्रोमची आणखी एक अडचण होती. तिचे रंग फिल्ममध्ये नसत, ते धुताना रसायनांतून चढत. त्यामुळे घरच्या डार्करूममध्ये तिचं काम होत नसे, ठरावीक लॅबकडेच रोल पाठवावा लागे. आणि सिंग यांच्यासारख्या मुक्त छायाचित्रकाराला रोल, प्रवास, मुक्काम सगळं स्वतः जुळवावं लागतं. सिंग यांनी ‘नॅशनल जिऑग्राफिक’सारख्या परदेशी मासिकांची कामं केली, पण मासिकातली पानं महिन्याभरात जुनी होतात. त्यांनी खरा जीव लावला तो पुस्तकांत. एक प्रदेश घ्यायचा, पुन्हा पुन्हा तिथे जायचं आणि त्याचं पुस्तक करायचं. 1974 मध्ये गंगेवरचं आलं. मग कलकत्ता, राजस्थान, केरळ, बनारस आणि 1994 मध्ये मुंबई. नोकरी नसण्याचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

मुंबईच्या चित्रांत काच फार आहे. झवेरी बाजारातल्या सराफी पेढीचं 1989 चं चित्र घ्या. पेढीच्या काचेमुळे आतला थाट आणि बाहेरचा बाजार एकाच चौकटीत येतात. तंत्र म्हणून पाहिलं तर हे अवघड आहे, कारण दोन्हीकडचा उजेड वेगळा असतो आणि फिल्म एकच. तो जवळपास सारखा होईल अशी वेळ गाठावी लागते. हावड्यातल्या फुटपाथवरच्या आरसेवाल्याच्या चित्रात (1991) हीच युक्ती आरशांवर केलेली आहे. रस्त्याचे तुकडे आरशाआरशांत वाटले गेलेत, आणि कुठे बघावं हे डोळ्याला पटकन ठरवता येत नाही. मला हे चित्र त्यांच्या सर्वोत्तम कामांत मोडणारं वाटतं.

शेवटी शेवटी त्यांनी अँबॅसडर गाडीच आपली चौकट केली. दाराची कड, खिडकी, पुढची काच, बाजूचा आरसा, यांनी एकच दृश्य तीन-चार खणांत विभागलं जातं आणि प्रत्येक खणात वेगळं काही चाललेलं असतं. हे काम हातात असतानाच 1999 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं. अँबॅसडरचं पुस्तक 2002 मध्ये निघालं.