पौरुषग्रंथीची रोबोटसाहाय्यित शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरची दक्षता

पौरुषग्रंथीचा कर्करोग हा मुख्यतः उतारवयातील पुरुषांचा रोग होय. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असून मूत्रनलिका तिच्यामधून जाते. रोग ग्रंथीपुरताच असल्यास ती समूळ काढून टाकणे हा एक प्रमुख उपचार आहे. सन २००० च्या सुमारास ही शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने होऊ लागली. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे भारतीय वंशाचे डॉ. मणी मेनन यांनी तिला पद्धतशीर रूप दिले.

यंत्र आपण होऊन काहीच करीत नाही. शल्यविशारदाचे हातच ते चालवितात. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ रुग्णांवर केलेली तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. रोबोटमुळे रक्तस्राव कमी झाला. परंतु बारा आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा व पुरुषत्व यांबाबत जुन्या व नव्या पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून यंत्राच्या नावापेक्षा शल्यविशारदाचा अनुभव पाहावा, आणि उरलेली दक्षता आपण घ्यावी.

शस्त्रक्रियेपूर्वी तंबाखू-विडी सोडावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंचा व्यायाम आधीच शिकून घ्यावा व नळी काढल्यावर तो पुन्हा सुरू करावा.

शस्त्रक्रियेनंतर लवकर चालू लागल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. काही आठवडे धान्याच्या पोत्यास हात लावू नये. चौविहार पाळणाऱ्यांनी पाणी व औषधे यांच्या वेळा डॉक्टरांशी बोलून दिवसाच बसवाव्यात. प्रदीर्घ उपवास या काळात टाळावा.

मूत्रमार्गातील नळी साधारणतः आठवडा ते दहा दिवस ठेवतात. तेथील सांधा ताजा असतो. नळी अकस्मात निसटल्यास शल्यविशारदास विचारल्यावाचून कोणाकडूनही ती पुन्हा घालून घेऊ नये; सांधा फाटण्याचे भय असते. आपल्या जोयडा तालुक्यात रस्ते घाटवळणांचे, आणि रानात फोन सर्वत्र लागतोच असे नाही. यास्तव नळी निघेपर्यंत शहरातच आप्तांकडे किंवा धर्मशाळेत राहणे श्रेयस्कर. परतीच्या प्रवासात वाहन मधूनमधून थांबवून चार पावले चालावे. रुग्णालयाचे कागद व दूरध्वनी क्रमांक जवळ असावेत. ताप व थंडी, लघवी तुंबणे, पोट फुगणे, एका पायास सूज वा एकाएकी धाप लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता निघावे.

लघवी गळणे व पुरुषत्वातील उणीव यांविषयी आपले लोक संकोचाने बोलत नाहीत. लघवी गळणे बहुतेकांस काही महिन्यांत पुष्कळ कमी होते. पुरुषत्व परत येण्यास अधिक काळ लागतो आणि प्रत्येकास ते पूर्ववत येतेच असे नाही. दोहोंवरही उपचार आहेत. मात्र सांगितल्यावाचून ते मिळत नाहीत. पत्नीस व वैद्यास हे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. शेवटी, ठरल्या वेळी पी.एस.ए. ही रक्ततपासणी करीत राहावी. ग्रंथी गेली म्हणजे खाते मिटले असे न समजता वर्षानुवर्षे ती चालू ठेवणे आवश्यक आहे.